जाडी नसलेली रेघ

शंभरास एक या प्रमाणात नकाशा काढताना ०.५ च्या शाईच्या पेननं रेघ ओढली, की ती रेघ जमिनीवरची पाच सेंटिमीटर जागा गिळते. हिशेब सरळ आहे, अर्धा मिलिमीटर गुणिले शंभर. पाच सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ दोन इंच. टेप जरा ढिला धरला गेला, गिलावा मधेच फुगलेला होता, टेपचं दुसरं टोक धरणारीचं लक्ष मोबाईलमध्ये होतं, हे सगळं त्या दोन इंचांत खपून जातं. कागदावर खोली चौकोनी दिसते आणि सर कोपऱ्यात 'गुड' लिहून पुढच्या टेबलाकडं जातात.

आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षी आम्हाला संगणकाला हात लावायची परवानगी नव्हती. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, दोन सेट स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि शाई खरवडायला अर्धं ब्लेड. त्यात बेळगावचा पावसाळा. जुलैत धुतलेली ओढणी वाळत नाही तिथं ट्रेसिंग ताठ कसा राहणार? रात्री चिकटपट्टीनं ताणून बसवलेल्या कागदाला सकाळी लाटा आलेल्या असायच्या आणि काल काढलेली आडवी रेघ आज टी-स्क्वेअरला जुळायची नाही. शहापुरातल्या आमच्या घरी आई माझा बोर्ड उचलून गॅसच्या कट्ट्याजवळ उभा करायची, जरा ऊब लागू दे म्हणून. त्यामुळं माझ्या पहिल्या वर्षाच्या बऱ्याच शीट्सना फोडणीचा वास आहे.

हातानं काढलेल्या ड्रॉइंगमध्ये जीव असतो, असं मोठी माणसं सांगतात. असेल. मला मात्र अलीकडं वाटायला लागलंय, की त्या जिवातला बराच वाटा शाईच्या जाडीचा आहे. शाई सांभाळून घेते. ऑटोकॅड या संगणकावर नकाशे काढायच्या प्रोग्रॅममधली रेघ सांभाळून घेत नाही, कारण तिला मुळात जाडीच नसते. माऊसचं चाक फिरवत कितीही जवळ जा, ती तेवढीच बारीक राहते. लांबून दोन रेघा एकमेकींना भिडल्यात असं वाटतं आणि जवळ गेलं की मधून बैलगाडी जाईल एवढी फट.

दुसऱ्या वर्षाच्या आधीच्या सुट्टीत मी टिळकवाडीत एका कॅडच्या, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग शिकवणाऱ्या, क्लासला नाव घातलं. बॅचमध्ये आर्किटेक्चरची मी एकटीच. बाकीची पोरं उद्यमबागेच्या वाटेवरची, कुणी आयटीआयचा फिटर, कुणी मेकॅनिकलचा डिप्लोमावाला. बेळगावात कॅड म्हटलं की ते आधी लोखंडाचं असतं. उद्यमबागेत फाउंड्र्या, मशिन शॉप, हायड्रॉलिक्सचे कारखाने, तिकडं हत्तरगीला तर विमानाचे सुटे भाग बनतात. तेव्हा क्लासमधले सरावाचे नमुनेही त्याच घराण्यातले. फ्लँज, ब्रॅकेट, बेअरिंगची टोपी. मी घर काढायला गेले होते आणि बोल्टाची भोकं काढत बसले.

शेजारच्या मशिनवर पिरनवाडीचा एक मुलगा बसायचा. दिवसभर लेथवर आणि संध्याकाळी क्लासला. नखांत तेल अडकलेलं, पण कीबोर्ड खराब होऊ नये म्हणून रुमाल जवळ ठेवायचा. त्यानं एकदा माझ्या स्क्रीनकडं बघून विचारलं,

"तुझ्या भिंतीला टॉलरन्स किती?"

"म्हणजे?"

"म्हणजे किती चुकली तर चालतंय?"

मी म्हटलं, अर्धा इंच कुणी विचारत नाही.

तो जरा वेळ गप्पच झाला. मग म्हणाला, "आमच्यात अर्ध्या इंचात अख्खा पीस भंगारात जातोय की गे."

त्यांच्या ड्रॉइंगवर महत्त्वाच्या मापाशेजारी अधिक-उणे लिहिलेलं असतं. ५० मिलिमीटर, अधिक-उणे ०.०२. म्हणजे चूक होणारच हे आधी कबूल करायचं आणि किती होऊ द्यायची ते ठरवून टाकायचं. केवढा प्रामाणिक रिवाज आहे हा! आमच्या नकाशावर ३००० लिहिलेलं असतं आणि जागेवर ते ३०२० होणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, मालकाला, मेस्त्रीला, मंजुरी देणाऱ्यालाही. कागदावर मात्र कुणी कबूल करत नाही. ऑटोकॅडला सांगितलं तर ते दशांश चिन्हापुढं आठ घरं दाखवतं. गल्लीतल्या सोनारालाही तेवढी लागत नाहीत.

फ्लँजच्या गोल चकतीवर समान अंतरानं भोकं पाडायची तर पोलर ॲरे ही कमांड वापरतात. मधला बिंदू सांगा, किती नग ते सांगा, एंटर. ही कमांड ताजी असतानाच कॉलेजनं आम्हाला बेळगावच्या किल्ल्यात नेलं. तिथली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, १२०४ सालची, रट्टांच्या राजवटीतली. मुखमंडपाच्या छताला दगडी कमळ आहे, ७२ पाकळ्यांचं. भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांतले २४-२४ तीर्थंकर, म्हणून ७२, असं सांगतात. सगळ्यांनी माना वर करून फोटो घेतले. माझ्या डोक्यात भोकंच चालली होती. वर्तुळाचे २४ भाग केले तर प्रत्येकी १५ अंश येतात, आणि ४५ आणि ३० चे सेट स्क्वेअर एकमेकांना लावून मिळणारा सर्वांत लहान कोन नेमका तेवढाच. सेट स्क्वेअर नसले तरी अडत नाही. ज्या दोरीनं वर्तुळ काढलं तीच दोरी परिघावर फिरवली की सहा खुणा पडतात. त्यांचे मध्य काढले की बारा, पुन्हा काढले की २४. खुंटी आणि दोरी पुरते. मी २४ लिहून एंटर मारते तेव्हा मशिन असलंच काहीतरी करतं, फक्त ते मला दिसत नाही. क्लासवाले कमांड छान शिकवतात. ती आत काय करते असं विचारलं, की पुढची बॅच दारात उभी असते.

तिसऱ्या वर्षी मेझर्ड ड्रॉइंगचं काम आलं. एक जुनं घर निवडायचं, मोजायचं आणि आहे तसं काढायचं. मैत्रिणींनी शहरातले वाडे धरले. मी आजोळ धरलं. खानापूरच्या पश्चिमेला, घाटाच्या अंगाला, पाऊस लागला की आठ-आठ दिवस सूर्याचं नाव नाही असलं गाव. बस मच्छेवरून जाते, जिथं विश्वेश्वरय्या विद्यापीठाचं मुख्यालय आहे. आमच्या परीक्षांची सगळी सूत्रं तिथून हलतात, पण मला बसच्या खिडकीतून पुढचीच चिंता. मामा टेप धरायला तयार होईल का?

मामा तयार झाला, पण ज्ञान देत देत. "काय करालैस गे हे? घर तर इथंच हाय, पळून चाललंय काय?"

घर साधंच. पुढं सोपा, आत माजघर, बाजूला स्वयंपाकघर, पाठीमागं न्हाणी आणि परसू. दगडमातीच्या भिंती, वर खानापूरची कौलं. सोपा मोजला तर समोरची बाजू १८ फूट ४ इंच, आतली १८ फूट ७ इंच, दोन्ही आखूड बाजू ९ फूट २ इंच. मी तिथंच जोत्यावर लॅपटॉप उघडला. ऑटोकॅडमध्ये एफ-८ दाबलं की ऑर्थो चालू होतं, मग रेघ फक्त आडवी किंवा उभी जाते, तिरकी जायचं नावच काढत नाही. ऑर्थोवर हे घर काय करतंय ते मला बघायचंच होतं. समोरची बाजू काढली, वळले, आखूड बाजू, पुन्हा वळले, आतली बाजू, परत आखूड. शेवटची रेघ खाली आली आणि पहिल्या टोकापासून तीन इंच बाजूला उभी राहिली. खोली बंदच होईना.

तीन इंच म्हणजे ७६ मिलिमीटर. शंभरास एकच्या कागदावर ते पाऊण मिलिमीटर होतं, पेनच्या रेघेहून जेमतेम जास्त. पहिल्या वर्षाच्या माझ्या हातानं ते सहज गिळलं असतं, आणि ड्रॉइंग देखणं झालं असतं. इथं मात्र तीन इंचांचं तोंड उघडं होतं आणि कुणीतरी त्याचं उत्तर द्यायला हवं होतं.

उत्तर कर्णात असतं. चार बाजू कितीही नीट मोजल्या तरी चौकोन पक्का होत नाही, तो डावी-उजवीकडं कलू शकतो. त्रिकोण कलत नाही. म्हणून प्रत्येक खोलीचा एक कर्ण मोजायचा. कॅडमध्ये मग काम मजेचं आहे. समोरची बाजू काढायची. तिच्या एका टोकावर कर्णाएवढ्या त्रिज्येचं वर्तुळ, दुसऱ्या टोकावर आखूड बाजूएवढ्या त्रिज्येचं. दोन्ही जिथं छेदतात तो तिसरा कोपरा. तसाच चौथा. मग न वापरलेला दुसरा कर्ण स्क्रीनवर मोजायचा आणि टेपशी ताडून बघायचा. जुळला तर माप खरं. मामाला हे एवढं आवडलं, की दुपारपासून तोच मला सांगायला लागला, "थांब, आधी तिरकं धर." स्क्रीनवर वर्तुळांचा गुंता वाढत गेला आणि त्यातून घर हळूहळू वाकडं व्हायला लागलं. सोप्याच्या तीन भिंती गुण्यात, म्हणजे काटकोनात होत्या. चौथी नव्हती.

"ती व्हय," मामा म्हणाला. "ती वाटणीची."

आजोबा आणि त्यांचे भाऊ वेगळे निघाले तेव्हा ती भिंत उठली. वाटणी फुटा-इंचांनी झालीच नव्हती, खणांनी झाली होती. दोन खांबांमधला एक खण. इतके खण थोरल्याचे, इतके धाकट्याचे. खांब जंगलातल्या लाकडाचे, जिथं खाली बरा दगड लागला तिथं उभे केलेले, म्हणून एका ओळीत नव्हते. भिंत खांबापासून खांबापर्यंत गेली. तिला सरळ करणं म्हणजे एका भावाचे तीन इंच दुसऱ्याला देणं, आणि ते कोण देणार? ऑर्थो चालू ठेवून मी तेच केलं असतं, माऊसच्या एका टिचकीसरशी, कुणाची सही न घेता.

पुढची अडचण त्याहून भारी. मातीची भिंत खाली रुंद असते आणि वर निमुळती होत जाते. प्लॅन म्हणजे घर जमिनीपासून साधारण चार फुटांवर आडवं कापून वरून बघणं. पायाशी मोजलं तर भिंत दोन फुटांच्या वर भरते, खांद्याएवढ्या उंचीवर कमी. मग भिंतीची जाडी किती लिहायची? मी चार फुटांवर खडूनं खूण करून तिथं मोजलं आणि सेक्शनमध्ये, म्हणजे घर उभं कापून काढलेल्या ड्रॉइंगमध्ये, उतार वेगळा दाखवला. मामीनं ती खडूची रेघ दिवाळीच्या सारवणापर्यंत तशीच ठेवली होती. आल्यागेल्याला सांगायची, हितनं घर कापलंय.

हे सगळं करताना एक गंमत आठवायची. १९६३ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँडनं डॉक्टरेटसाठी स्केचपॅड नावाचा प्रोग्रॅम लिहिला, आजच्या सगळ्या कॅडचा पूर्वज. पडद्यावर प्रकाशाच्या पेननं हव्या तशा रेघा ओढायच्या आणि मग हुकूम सोडायचा, तुम्ही समांतर व्हा, तुम्ही काटकोनात या. रेघा निमूट सरळ व्हायच्या. १९८२ च्या डिसेंबरात ऑटोकॅड बाजारात आलं आणि टेबलावरच्या साध्या संगणकावर हे काम सुरू झालं. तेव्हापासून सरळ करण्याची ताकद स्वस्त होत गेली. माझं म्हणणं एवढंच, की ती बंद कशी करायची हे पहिल्या दिवशी शिकवावं. एफ-८ चालू करायला जेवढं बोट लागतं तेवढंच बंद करायलाही लागतं, पण का बंद करायचं ते कुठल्याच कमांडच्या यादीत नसतं.

मग ऑफिस. शेवटच्या टप्प्यातली ट्रेनिंग शहरातल्याच एका ऑफिसात केली. तिथं काम म्हणजे मुख्यतः ३० बाय ४० ची साईट, खाली पार्किंग, वर दोन मजले, आग्नेयेला स्वयंपाकघर. मंजुरीचं ड्रॉइंग एक आणि बांधकामाचं दुसरं, याबद्दल जास्त न बोललेलं बरं. पहिले काही आठवडे माझ्याकडं फक्त बाथरूमच्या फरशा होत्या.

पण जाडीचा एक धडा तिथंच मिळाला. स्क्रीनवर रेघांना जाडी नसली तरी कागदावर छापताना ती द्यावीच लागते, आणि ती रंगावरून दिली जाते. काळ्या पडद्यावरची लाल रेघ बारीक छापायची, पिवळी जाड, अशी ऑफिसाऑफिसांत ठरलेली वाटणी असते. कापलेली भिंत जाड, लांबून दिसणारी कड बारीक, फरशीच्या रेषा अगदी पुसट. ऑफिसातले जुने ड्राफ्ट्समन हातानं शाईचं काम केलेले. नवी पोरं सगळ्या रेघा सारख्याच जाडीच्या छापून आणायची, तेव्हा ते कागद हातभर लांब धरून म्हणायचे, "यात भिंत कुठली आणि धोतराची किनार कुठली?" ही नजर त्यांना पेनं बदलून बदलून आलेली. मला ती त्यांच्याकडून मिळाली, संगणकाकडून नाही, हेही सांगायला हवं. नाहीतर मी फारच कॅडची बाजू घेतल्यासारखं होईल.

आणि साईटवर मिलिमीटर चालत नाहीत. ५५८८ असं वाचून दाखवलं की सेंट्रिंगचा माणूस थांबतो आणि विचारतो, "एष्टु फूट री?" मग मी १८ फूट ४ सांगते. गवंडी त्याच्याही पुढं जातो, तो सुतात बोलतो. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरच्या जरा वर. ओळंबा सोडून "वरनं दोन सूत भाईर हाय" असं तो म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा बरोबर असतो. मराठी गवंडी, कन्नड बोलणारे सेंट्रिंगवाले, इंग्रजीत छापलेला नकाशा, आणि सगळ्यांचं काम ज्यावर चालतं ते माप कुणाच्याच छापील ड्रॉइंगवर नाही.

थ्री-डीबद्दल मला फारसं प्रेम नाही. स्केचअप झटपट कल्पना तपासायला उत्तम आहे, पण आमच्या बॅचच्या रेंडरमध्ये, म्हणजे संगणकानं रंगवून दिलेल्या चित्रांत, कायम निळं आकाश, ताडाची झाडं आणि सावलीसुद्धा न पडलेली गोरी माणसं. खानापुरातल्या घराला जूनमध्ये झडीचा मारा कुठून येतो ते एकाही रेंडरमध्ये दिसत नाही. रेव्हिट या प्रोग्रॅमचं जरा वेगळं. तिथं रेघ ओढायची नसतेच, थेट भिंत ओढायची. तिला जाडी असते, आत वीट, बाहेर गिलावा, सगळं तिला आपलं आपलं ठाऊक असतं. नऊ इंची, साडेचार इंची हवी तेवढी. दगडमातीची, खाली रुंद वर निमुळती, दोन भावांच्या मधली भिंत मात्र आयत्या यादीत मिळत नाही.

त्या भिंतीला टेकूनच यंदा नवीन काम निघालं. मामानं पाठीमागची न्हाणी पाडून बारा फूट लांबीचं नवं स्वयंपाकघर घ्यायचं ठरवलं, वर स्लॅब, खाली मोठ्या फरशा. वाटणीची भिंत पलीकडच्यांचीही असल्यामुळं ती हलणार नव्हती. ती तशीच मागं वाढवली तर सोप्याच्या मागच्या कोपऱ्यात तीन इंच असलेला फरक परसवाकडच्या टोकाला सात इंचांवर जातो. मातीच्या जमिनीवर ते कुणाला कळलं नव्हतं. चौकोनी फरशी लगेच चुगली करते.

मेस्त्री गुण्या हातात घेऊन उभे. "बाय, कुठल्या भिंतीला लावू? ह्या भिंतीला लावलं तर रस्त्याकडचं दार तिरकं दिसतंय, आणि त्या भिंतीला लावलं तर हितं फरशी कापून कापून बेजार."

मी रस्त्याकडच्या भिंतीला लावायला सांगितलं आणि वाटणीच्या भिंतीशी जे पाचरीसारखं उरत होतं तिथं कडप्प्याच्या फळ्या काढल्या, एका टोकाला तीन इंच, दुसऱ्या टोकाला सात. फळीची पुढची कड फरशीच्या ओळीला समांतर, मागची भिंतीबरोबर तिरकी. मामीनं तेवढ्यात वाटपही करून टाकलं, मोठे डबे परसवाकडं, मोहरी-जिऱ्याचे बारके इकडं. कडप्पा कापणाऱ्याला द्यायला मी प्रत्येक फळीचं वेगळं ड्रॉइंग छापलं, मापं इंच-सुतात, आणि शेजारी लिहिलं, अधिक-उणे २ सूत.

मेस्त्रींनी कागद उलटसुलट करून बघितला. "हे शेवटचं काय लिवलंय?"

"एवढं चुकलं तर चालतंय."

त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि मामाकडं वळून म्हणाले, "पोरगीला सांगा, चार कर म्हणावं. कडप्पेवाला आपलाच पाव्हणा हाय."